खापर ब्रसेल्सच्या डोक्यावर

लहान देश मोठ्या संघात शिरला की त्याचे पक्षीय राजकारण संपते, हे वाक्य आपल्याकडच्या परिसंवादांत इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याला पुरावा मागायचे कुणाला सुचतही नाही. युरोपीय संघाचा विषय निघाला की मांडणी ठरलेली असते. कायदे ब्रसेल्सला होतात, अर्थसंकल्पाची चौकट तिथूनच येते, चलनसुद्धा आपले राहत नाही. मग देशातल्या पक्षांनी भांडायचे कशावर? सत्ताधारी आणि विरोधक दोघेही एकाच साहेबाचे कारकून, आणि निवडणूक म्हणजे या कारकुनांच्या बदल्या. कुणी याला सार्वभौमत्वाचा अंत म्हणतो, कुणी लोकशाहीचा. ऐकणारे माना डोलावतात आणि चहाला जातात.

हे म्हणणे मला चुकीचे वाटतेच, पण त्याहून अधिक सोयीचे वाटते. कुणाच्या सोयीचे, ते पुढे येईल. आधी ते जिथे सगळ्यांत खरे ठरायला हवे तिथेच तपासू. माल्टा हा संघातला सगळ्यांत छोटा देश. क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मे. १ मे २००४ रोजी तो संघात गेला तेव्हा त्याची लोकसंख्या होती चार लाखांच्या आसपास. युरोपीय संसदेत त्याच्या वाट्याला पाच जागा आल्या, आता सहा आहेत. ब्रसेल्सला कुणाला गिळायचेच असेल तर याहून लहान घास मिळणार नाही.

तिथे काय घडले, ते जरा सविस्तर पाहू.

माल्टात पक्ष दोनच. नॅशनालिस्ट आणि लेबर. १९६६ च्या निवडणुकीपासून तिसऱ्या पक्षाला स्वतःच्या चिन्हावर संसदेत एकही जागा मिळवता आलेली नाही. गावोगावच्या मुख्य चौकात दोन्ही पक्षांचे क्लब आहेत. चहा, बिअर, पत्ते आणि पक्षाच्या नेत्यांच्या तसबिरी. दोन्ही पक्षांच्या मालकीच्या स्वतंत्र दूरचित्रवाहिन्या आहेत, आकाशवाणी केंद्रे आहेत. कोणत्या घरातले लोक कोणाला मत देतात हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक असते. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यात दोन साखर कारखान्यांचे दोन गट असावेत, आणि लग्नपत्रिका कुणाला द्यायची तेही त्यावर ठरावे, तशातला हा मामला.

या दोन पक्षांत युरोपवरून जे रण माजले ते दहा-बारा वर्षे चालले. नॅशनालिस्ट पंतप्रधान एडी फेनेक अदामी यांनी जुलै १९९० मध्ये सदस्यत्वाचा अर्ज केला. ऑक्टोबर १९९६ मध्ये लेबरचे आल्फ्रेड सांत निवडून आले आणि त्यांनी तो अर्ज गोठवला. ‘भूमध्य समुद्रातले स्वित्झर्लंड’ ही त्यांची घोषणा होती. इथवर गोष्ट आपल्या परिसंवादवाल्यांच्या साच्यात बसते: एकीकडे संघवादी, दुसरीकडे स्वाभिमानी. पण सांत यांचे सरकार पडले कशामुळे? युरोपमुळे नव्हे. बिर्गू या जुन्या बंदरगावचा किनारा खाजगी नौकांच्या धक्क्यासाठी भाडेपट्ट्याने द्यायचा एक ठराव होता. त्या भागाचे खासदार, माजी पंतप्रधान आणि लेबरचे सर्वांत मोठे दैवत डॉम मिंटॉफ त्यावर भडकले. सांत यांनी ते मतदान विश्वासदर्शक करून टाकले आणि जुलै १९९८ मध्ये मिंटॉफ यांनी आपल्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध मत दिले. एका जागेच्या बहुमतावर उभे असलेले सरकार कोसळले. सप्टेंबरात नॅशनालिस्ट परत आले आणि गोठलेला अर्ज पुन्हा सुरू झाला. युरोपला आयुष्यभर शंकेच्या नजरेने पाहणाऱ्या मिंटॉफ यांनीच माल्टाला युरोपची वाट मोकळी करून दिली, तीही एका धक्क्याच्या भांडणातून. देशाचे भवितव्य ठरवणारा क्षण गल्लीतल्या राजकारणातून आला, ब्रसेल्सच्या कार्यालयातून नाही.

मग ८ मार्च २००३ चे सार्वमत. मतदान ९१ टक्क्यांच्या घरात. बाजूने १,४३,०९४ मते, विरोधात १,२३,६२८. म्हणजे जवळपास ५४ विरुद्ध ४६ टक्के. कुठल्याही शाळकरी मुलाला यातला विजेता सांगता येईल. सांत यांनी मात्र वेगळाच हिशेब मांडला. ‘नको’ म्हणणारे, मतदानाला न गेलेले आणि मतपत्रिका बाद करणारे या सगळ्यांची त्यांनी एकत्र मोट बांधली. नोंदणी झालेल्या मतदारांपैकी ‘हो’ म्हणणारे ४८ टक्केच भरतात, सबब आपण जिंकलो, असे त्यांनी जाहीर केले. त्यांचे समर्थक गाड्या घेऊन, झेंडे नाचवत रस्त्यावर उतरले. एकाच निकालाचा विजयोत्सव दोन्ही बाजूंनी केला! यातली खरी गंमत पन्नास वर्षे मागे गेल्यावर कळते. १९५६ मध्ये याच लेबर पक्षाने माल्टा ब्रिटनमध्येच सामील करावे म्हणून सार्वमत घेतले होते; लंडनच्या कॉमन्स सभागृहात माल्टाचे तीन खासदार बसणार होते. तेव्हा बहिष्कार घातला होता नॅशनालिस्टांनी. मत दिलेल्यांपैकी ७७ टक्के ‘हो’ म्हणाले, पण एकूण मतदारांत ते निम्म्याहून कमी भरत होते. गणित तेच, फक्त फळ्यासमोरचे विद्यार्थी बदलले. सार्वभौमत्व हे एका पक्षाचे कुलदैवत आणि विलीनीकरण हे दुसऱ्याचे, अशी वाटणी करणाऱ्यांनी ही नोंद जरूर ठेवावी. मोठ्या घरात शिरायचे की नाही, यावर दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीने बाजू बदललेल्या आहेत.

सार्वमताच्या हिशेबाचा निकाल १२ एप्रिलच्या सार्वत्रिक निवडणुकीने लावला. नॅशनालिस्ट जिंकले, आणि चारच दिवसांनी अथेन्सला प्रवेश करारावर सह्या झाल्या.

आता कारकुनी सिद्धांताची कसोटी. संघात गेल्यावर राजकारण थंडावायला हवे होते. पहिल्याच वर्षी, जून २००४ मध्ये युरोपीय संसदेची निवडणूक झाली. संघाच्या सरासरीत निम्मे मतदारही फिरकले नव्हते. माल्टात ८२ टक्के आले. पोकळ नाटकाला एवढी गर्दी होत नसते. आणि पाचपैकी तीन जागा कुणाला गेल्या? ज्याने वर्षापूर्वी ‘नको, नको’ म्हणून घसा कोरडा केला होता त्या लेबरला. हरित विचारांच्या छोट्या पक्षाने ९ टक्क्यांवर मते घेतली तेव्हा दोन पक्षांची मक्तेदारी युरोप मोडणार, असे भाकीत झाले. २००८ च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्याच पक्षाला दीड टक्कासुद्धा मिळाला नाही. मतदाराने युरोपची पेटी वेगळी ठेवली आणि घरची वेगळी. २००८ ची ती निवडणूक नॅशनालिस्टांनी अवघ्या १,५८० मतांनी जिंकली. युरो चलन येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. चलन एक झाले, चुरस तसूभर कमी झाली नाही.

मग बदलले काय? काहीच नाही, असे म्हणणारा मी नव्हे. संघप्रवेशाने माल्टाच्या राजकारणातून एक प्रश्न काढून घेतला, आणि तो प्रश्न ज्याने जिंकला त्याचेच त्यात नुकसान झाले. कारकुनी सिद्धांताला ही गोष्ट दिसतच नाही.

नॅशनालिस्ट पक्ष जवळजवळ पंधरा वर्षे एका ध्येयावर उभा होता. धर्मनिष्ठ मध्यमवर्ग, व्यापारी, इंग्रजाळलेली सुखवस्तू घरे, लेबरच्या मिंटॉफ काळात पोळलेली माणसे, असे नाना तऱ्हेचे लोक त्याच्या झेंड्याखाली एकत्र राहिले ते युरोपच्या दोरीने. २००४ मध्ये गंगेत घोडे न्हाले आणि दोरी सुटली. त्यानंतर हा पक्ष कशासाठी आहे, याचे उत्तर त्याला नीट सापडले नाही. २०११ मध्ये घटस्फोटाच्या कायद्यावर सार्वमत झाले, तेव्हा ५३ टक्के लोकांनी कायद्याच्या बाजूने कौल दिला. पंतप्रधान लॉरेन्स गोन्झी यांनी त्यानंतरही संसदेत विरोधात मत दिले. पक्षातले जुने धार्मिक आणि नवे शहरी मतदार तिथे उघड दुभंगले. आणि लक्षात घ्या, घटस्फोटाचा विषय ब्रसेल्सने लादलेला नव्हता. तो माल्टातूनच आला, माल्टानेच ठरवला. गर्भपाताविषयी तर प्रवेश करारातच स्वतंत्र प्रोटोकॉल जोडून माल्टाने आपला कायदा संघापासून सुरक्षित ठेवला होता.

उलट लेबरचे बघा. हरलेल्या पक्षाला हार मान्य करायला काही महिने लागले, पण एकदा केल्यावर तो हलका झाला. युरोपच्या संविधान कराराला जुलै २००५ मध्ये माल्टाच्या संसदेने एकमताने मंजुरी दिली. त्यात कालचे विरोधकही होते. २००८ मध्ये पक्षाने जोसेफ मस्कात हा चौतिशीतला नेता निवडला. हा गृहस्थ पक्षाच्या वाहिनीवर सदस्यत्वाविरुद्ध प्रचार करणारा पत्रकार; पुढे त्याच युरोपच्या संसदेत चार वर्षे खासदारकी करून आलेला. त्याने प्रागतिकांची आणि मवाळांची नवी चळवळ उभी केली आणि २०१३ मध्ये सुमारे ३५ हजार मतांची आघाडी घेऊन सरकार आणले. पंधराशे मतांवर राज्य ठरणाऱ्या देशात हा महापूर होता. युरोपची भीती आता कुणाला दाखवता येणार? नॅशनालिस्टांचे सगळ्यांत धारदार हत्यार त्यांच्याच यशाने बोथट केले होते. लेबर आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला. खुद्द सांत २०१४ मध्ये युरोपीय संसदेत निवडून गेले आणि दहा वर्षे तिथे राहिले.

मराठी वाचकाला हे फार अनोळखी वाटू नये. गोवा हा काही देश नव्हता आणि भारत हा काही देशांचा संघ नव्हे, तेव्हा तुलना ताणायची नाही. पण १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याचा प्रश्न महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष हरला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभा मात्र तोच जिंकला. भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. मतदार प्रश्नाचे उत्तर एका हाताने देतो आणि सरकार दुसऱ्या हाताने निवडतो. ज्यांना हे कळत नाही ते मतदाराला फार भोळा समजतात.

समोरच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा मला ठाऊक आहे, आणि तो टाळणार नाही. तो आहे गोदीचा. राजधानी व्हॅलेटाच्या समोरच्या बंदरातली गोदी म्हणजे लेबरचा बालेकिल्ला. गोदी कामगारांची युनियन आणि पक्ष १९७८ ते १९९२ या काळात घटनेनेच एक झाले होते. ही गोदी वर्षानुवर्षे सरकारी अनुदानावर चालली. संघाचे नियम असे अनुदान चालू देत नाहीत. प्रवेश करारात २००८ अखेरपर्यंतची मुदत मिळाली. ती संपताना बहुतेक कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि २०१० मध्ये गोदी एका इटालियन कंपनीच्या ताब्यात गेली. एका पक्षाचा सामाजिक पायाच ब्रसेल्सच्या नियमाने उखडला, असे कुणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. आयरिश राज्यशास्त्रज्ञ पीटर मेअर यांनी २००० मध्येच हे नेमके मांडले होते: संघाचा पक्षांच्या रचनेवर थेट परिणाम फारसा दिसत नाही, मात्र सरकारांपुढचे धोरणाचे पर्याय अरुंद होतात. पहिला अर्धा भाग सोडून दुसराच उचलणारे वाचक मेअर यांना पुष्कळ लाभले.

पण गोदीचे दुखणे ब्रसेल्सने निर्माण केले काय? ब्रिटिश आरमार गेल्यावर त्या गोदीचे करायचे काय, या प्रश्नाला दोन्ही पक्षांनी कित्येक दशके एकच उत्तर दिले: पैसे ओतत राहा, कारण तिथे मते आहेत. धाडस कुणी केले नाही. शेवटी तारीख बाहेरून आली तेव्हा सरकारला म्हणता आले, आमचा नाइलाज आहे, युरोपचा नियम आहे. इथे सोय कुणाची, ते उघड होते. पर्याय अरुंद झाले असतील. पण निर्णयाची जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात अडकवण्याचा पर्याय मात्र चांगला रुंद झाला. ब्रसेल्सला शिव्या देणारा विद्वान आणि ब्रसेल्सकडे बोट दाखवणारा मंत्री हे दोघे एकमेकांचे काम करत असतात.

जिथे पक्षांना खरोखर नियम मोडायचा होता तिथे त्यांनी तो बिनदिक्कत मोडला, हेही पाहा. माल्टात वसंत ऋतूत, आफ्रिकेतून परतणाऱ्या पक्ष्यांच्या शिकारीचा शौक आहे. संघाचा पक्षीसंरक्षण कायदा तिला मनाई करतो. शिकाऱ्यांची मते मोजकी, पण निर्णायक. संघाच्या न्यायालयाने २००९ मध्ये माल्टाला दोषी ठरवले. तरी वेगवेगळ्या सवलतींच्या नावाखाली शिकार चालू राहिली. नागरिकांनी सह्या गोळा करून ११ एप्रिल २०१५ रोजी सार्वमत घडवून आणले. तेव्हा लेबरचे पंतप्रधान आणि नॅशनालिस्टांचे विरोधी पक्षनेते दोघेही शिकाऱ्यांच्या बाजूला उभे राहिले. शिकार २,२२० मतांनी वाचली. दोन पक्षांचे एकमत इथेही झालेच होते, पण ते ब्रसेल्सच्या हुकमाने नव्हे, ब्रसेल्सच्या विरुद्ध, आणि गावच्या बंदूकवाल्यांच्या धाकाने.

याच्या उलटा एक भाबडेपणा आहे, त्याचाही समाचार घेतला पाहिजे. संघात गेले की राजकारण स्वच्छ होते, असे सांगणारे नॅशनालिस्ट पुढारी २००३ मध्ये कमी नव्हते. पुढे काय झाले? २०१६ मध्ये पनामा कागदपत्रांत पंतप्रधान मस्कात यांच्या निकटवर्तीयांच्या परदेशी कंपन्या निघाल्या. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी पत्रकार डॅफ्नी कारुआना गालित्सिया यांना त्यांच्या गाडीत बॉम्ब ठेवून ठार मारले. २०१९ च्या अखेरीस लोक रस्त्यावर आले, जानेवारी २०२० मध्ये मस्कात पायउतार झाले. सार्वजनिक चौकशीने राज्यसंस्थेलाच जबाबदार धरले. युरोपीय संसदेने ठराव केले. ते ठराव मांडायला मदत करणाऱ्या नॅशनालिस्ट खासदारांना लेबरच्या गोटातून देशद्रोही म्हटले गेले. म्हणजे युरोपचा प्रश्न परत आला, पण उलट्या कपड्यांत: आता ‘देशाची बदनामी करू नका’ हे हत्यार लेबरच्या हातात, आणि ‘युरोप बघतोय’ हे नॅशनालिस्टांच्या. २०२२ मध्ये लेबर ३९ हजारांहून अधिक मतांनी जिंकला. त्याच वर्षी जानेवारीत माल्टाच्याच नॅशनालिस्ट रोबेर्टा मेट्सोला युरोपीय संसदेच्या अध्यक्ष झाल्या होत्या. युरोपच्या सर्वोच्च खुर्च्यांपैकी एक मिळाली, घरी मात्र पक्षाची मते ४२ टक्क्यांच्या आतच राहिली.

२०२२ ला मतदान ८५ टक्क्यांवर घसरले, त्यावर कुणी बोट ठेवील. घसरले खरे. पण प्रवेशानंतर तेरा वर्षांनी, २०१७ मध्येही ते ९२ टक्के होते. तेरा वर्षे गप्प बसलेले ब्रसेल्स चौदाव्या वर्षी अचानक लोकांच्या घरात शिरले, असे मानण्यापेक्षा मधल्या पाच वर्षांत व्हॅलेटात काय काय घडले ते पाहणे सरळ आहे.

माल्टाच्या निवडणुकीची मतमोजणी नाशार गावातल्या मोठ्या सभागृहात होते. मोजणारे कर्मचारी आणि पक्षांचे प्रतिनिधी यांच्यामध्ये पारदर्शक पर्स्पेक्सची भिंत असते. हे प्रतिनिधी पलीकडून मतपत्रिका पाहत आपापल्या वह्यांत नमुना मोजणी करतात, आणि अधिकृत निकालाच्या कितीतरी आधी ज्यांना विजय कळतो ते त्या भिंतीवर मुठी आपटायला लागतात. पंधरा मिनिटांत शहरभर भोंगे वाजतात. २००३ ला असे झाले, २०१३ ला झाले, २०२२ लाही झाले. त्या मुठींत युरोपचा वाटा किती आणि सरकारी नोकरी, बढती, बांधकाम परवाना मिळण्याच्या आशेचा किती, याचा अंदाज माल्टातला कुठलाही टॅक्सीवाला देईल. पक्षाने माणूस बांधून ठेवायची ही जी रीत आहे तिला संघाचा एकही नियम शिवलेला नाही. संघ कायद्याच्या पुस्तकापर्यंत पोहोचतो, पक्षाच्या क्लबातल्या टेबलापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच त्याच्याकडून राजकारणाच्या नाशाची भीती बाळगणे जितके अवाजवी, तितकीच शुद्धीची आशाही.

शेवटी पासपोर्टचे प्रकरण. मस्कात सरकारने २०१३ मध्ये माल्टाचे नागरिकत्व विकायला काढले, म्हणजे पर्यायाने सगळ्या युरोपात राहण्याचा हक्क. पक्षाच्या जाहीरनाम्यात याचा उल्लेख नव्हता. जानेवारी २०१४ मध्ये युरोपीय संसदेने प्रचंड बहुमताने निषेध केला. विक्री चालू राहिली. २९ एप्रिल २०२५ रोजी संघाच्या न्यायालयाने ही योजना बेकायदा ठरवली. या मधल्या काळात ब्रसेल्सच्या कारकुनांनी, म्हणजे आपल्या सिद्धांतानुसार ज्यांना स्वतःचे मत नसते त्या माल्टाच्या सत्ताधाऱ्यांनी, ब्रसेल्सला न जुमानता आपला धंदा अकरा वर्षे रेटला. योजना व्हॅलेटात शिजली, व्हॅलेटाच्या संसदेने मंजूर केली, आणि ती आणणाऱ्या पक्षाला माल्टाच्या मतदारांनी २०१७ मध्ये आणि २०२२ मध्ये स्वतःच्या हाताने परत निवडून दिले. तसे करा म्हणून ब्रसेल्सहून त्यांना कुणीही सांगितले नव्हते.